असत्याची वहिवाट

चवदार तळ्याचा इतिहास आपण समतेच्या लढ्याचा इतिहास म्हणून वाचतो आणि शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच कागदपत्रांत आणखी एक इतिहास दडलेला आहे, तो असत्याचा. माणसे खोटे का बोलतात, एकदा बोललेले खोटे पुढे सवय कसे बनते आणि ती सवय मोडण्यास काय लागते, या तीनही प्रश्नांची उत्तरे १९२७ ते १९३७ या दहा वर्षांच्या महाडमध्ये सापडतात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना महाड म्हणजे बाजाराचे, दवाखान्याचे आणि एसटी बदलण्याचे गाव. म्हणूनच हा धडा त्यांनी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन समजून घ्यावा, असे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे काही सवर्ण कार्यकर्ते मनापासून या बाजूचे होते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ठराव झाल्यानंतर तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीपर्यंत पोहोचले नाही. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली, तेव्हा परिषदेस आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावातले तळे कागदावर तीन वर्षांपासून खुले होते, त्याच गावातली ही गोष्ट आहे.

असत्याचा हा पहिला प्रकार. यात कोणी तोंडाने खोटे बोलत नाही. कागदावर खरे लिहिलेले असते आणि ते अंमलात येणार नाही याची सर्वांना खात्री असते. लिहिणाऱ्याला पुण्य मिळते, न पाळणाऱ्याला त्रास होत नाही. सोय दोघांचीही होते. खोटेपणाचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. प्रतिष्ठा राखायची असते, पण तिची किंमत मोजायची नसते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोकांनी पाणी प्राशन केले. सारे शांततेत पार पडले. त्यानंतर सुमारे दोन तासांत गावात वार्ता पसरली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. तसा कोणाचाही बेत नव्हता. परंतु या वार्तेने लाठ्या हाती घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपात घुसला. परतीच्या वाटेवरील आणि जेवणाच्या पंगतीतील माणसांना मारहाण झाली, अनेक जण गंभीर जखमी झाले. पुढे ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

असत्याचा हा दुसरा प्रकार म्हणजे अफवा. तिचे वैशिष्ट्य असे की, ती पसरवणाऱ्या बहुसंख्य माणसांना आपण खोटे बोलत आहोत असे वाटतच नाही. ‘मी ऐकले ते सांगितले’ एवढेच ते म्हणतात. कोणी विचारले नाही की, हे कोणी पाहिले? मंदिराकडे चार पावले जाऊन खात्री करणे अवघड नव्हते. पण तळ्यावर जे घडले त्याचा राग मनात होता आणि त्या रागाला कारण हवे होते. पाणी पिणे हा गुन्हा नाही, हे नगरपालिकेच्याच ठरावाने मान्य केलेले होते. म्हणून दुसरा गुन्हा निर्माण करावा लागला. माणूस आधी द्वेष करतो आणि मग त्या द्वेषाला शोभेल अशी हकिकत शोधतो. आज हातातल्या मोबाईलवर आलेला संदेश क्षणात दहा गटांत पाठवणाऱ्या आपल्या तरुणांनी वीरेश्वराच्या अफवेचा हा प्रसंग विसरू नये.

यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे सार्वजनिक नसून खाजगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न वापरण्याची अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा असत्याचा तिसरा आणि सर्वांत भक्कम प्रकार. अफवेचे आयुष्य दोन दिवसांचे, वहिवाटीचे शेकडो वर्षांचे. दाव्याच्या बाजूने बोलणारे सर्व लोक जाणूनबुजून खोटे बोलत होते, असे मी म्हणणार नाही. त्यांतील कित्येकांचा तसा प्रामाणिक समजच असेल. पण नेमके हेच समजून घेण्यासारखे आहे. पहिली पिढी सोयीसाठी एक नियम करते आणि तो सोयीचा आहे हे तिला ठाऊक असते. दुसरी पिढी तो ऐकत वाढते. तिसरी पिढी त्याला धर्म म्हणते. त्या टप्प्यावर खोटे बोलण्यासाठी खोटारड्या माणसाची गरज उरत नाही. सज्जन माणूसही शांत मनाने ते बोलू शकतो. व्यक्तीच्या बाबतीत आपण ज्याला सवय म्हणतो, समाजाच्या बाबतीत त्यालाच वहिवाट म्हणतात.

न्यायालयाने मात्र पुरावा मागितला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाचा निकाल लागला, ३० जानेवारी १९३३ रोजी अपिलाचा आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा. तिन्ही ठिकाणी दावा टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते ही वस्तुस्थिती असली, तरी ती बंदी अनादि आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी असा मक्ता कोणी सांगितला असेल हेच शंकास्पद आहे, असा उच्च न्यायालयाच्या विवेचनाचा रोख होता. पहिल्या ओंजळीपासून या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी एवढा काळ गेला. एक खोटे वाक्य उच्चारायला क्षण पुरतो आणि ते खोडायला एवढी वर्षे लागतात.

या दहा वर्षांत बाबासाहेबांनी काय केले नाही, हेही पाहिले पाहिजे. २० मार्चच्या हल्ल्यानंतर त्यांचे अनुयायी संतप्त होते आणि संख्येनेही कमी नव्हते. अफवेला अफवेने आणि लाठीला लाठीने उत्तर देणे शक्य होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याचा मार्ग धरला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेपूर्वी, १४ डिसेंबर १९२७ रोजी, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले असतानाही तो हुकूम मोडला गेला नाही. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. आपली बाजू खरी आहे याची खात्री असणाऱ्यालाच इतकी वाट पाहता येते. खोट्याला नेहमी घाई असते.

आता व्यक्तीकडे येऊ. खोटे बोलण्याची कारणे फार नाहीत. भीती, लोभ, प्रतिष्ठा आणि कधीकधी दुसऱ्याविषयीची दया, एवढ्यांत बहुतेक सारी येतात. त्यांपैकी सवय नेमकी कशाची लागते, यावर आधुनिक विज्ञानानेही काही प्रकाश टाकला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बरणीत नाणी किती आहेत याचा अंदाज दुसऱ्याला कळवायचा, असे काम सहभागी व्यक्तींना दिले होते. खोटे सांगून स्वतःचा फायदा होत असेल, तेव्हा त्यांचे खोटे हळूहळू वाढत गेले. त्याच वेळी भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूतील भागाचा प्रतिसाद मात्र कमी कमी होत गेला. सोप्या भाषेत सांगायचे तर पहिल्या खोट्याला मन टोचते, दहाव्याला टोचत नाही. हातावर घट्टा पडतो तसा मनावरही पडतो.

तथागतांनी हीच गोष्ट राहुलाला पाण्याच्या भांड्यावरून समजावली होती. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात हा प्रसंग आहे. भांड्यात थोडेसे पाणी उरवून ते दाखवले, मग ते फेकून दिले, मग भांडे उपडे केले, मग रिकामे भांडे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व असेच उणे, फेकलेले, उपडे आणि रिकामे असते, असा त्याचा अर्थ. थट्टेतही खोटे बोलू नये, असे तथागतांनी त्याला सांगितले. पुढे त्यांनी आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, आणि चुकले असेल तर ते शास्त्यासमोर किंवा शहाण्या सोबत्यांसमोर उघड करावे.

सम्राट अशोकाने मगधाच्या संघाला उद्देशून कोरविलेल्या बैराट येथील शिलालेखात, भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मग्रंथ सांगितले आहेत. त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेल्या या उपदेशाचा नावानिशी उल्लेख आहे. ज्याच्या साम्राज्यात असंख्य अधिकारी रोज अहवाल पाठवत असतील, त्या सम्राटाला हा उपदेश महत्त्वाचा वाटला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

येथपर्यंत दुसऱ्यांच्या असत्याविषयी लिहिले. ते सोपे असते. आता आपल्या घरातील एका असत्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रामुख्याने हिंदू व्यक्तींपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांना महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलती मात्र त्यांना मिळेनात. त्या मिळण्यासाठी १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. मधली चौतीस वर्षे आपल्या अनेक कुटुंबांसमोर एकच पेच होता. बौद्ध म्हणून नोंद करावी तर मुलाची केंद्राची शिष्यवृत्ती आणि नोकरी जाते. हिंदू म्हणून नोंद करावी तर घेतलेली प्रतिज्ञा मोडते. अनेकांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि दाखल्यावर ‘हिंदू’ लिहिले.

त्या पिढीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. खरे सांगितल्यास भाकरी जाईल अशी व्यवस्था ज्यांनी केली, त्या असत्याचे पहिले धनी तेच आहेत. भीतीने बोललेले खोटे आणि सत्तेसाठी बोललेले खोटे ही एकाच तराजूत घालता येणार नाहीत. एकाने माणूस जगतो, दुसऱ्याने दुसऱ्याचे जगणे हिरावले जाते. परंतु सवयीला हा फरक कळत नाही. १९९० मध्ये कारण संपले, तरी सवय संपली नाही. आजही अनेक घरांत मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिले जाते. विचारले तर उत्तर येते, ‘पहिल्यापासून तसेच आहे.’ हे शब्द नीट ऐकावेत. चवदार तळ्याच्या दाव्यातही ‘पहिल्यापासून’ हाच मुख्य युक्तिवाद होता.

जात आणि धर्म हे दोन वेगळे रकाने आहेत. जातीचा रकाना आपल्यावर काय लादले गेले ते सांगतो, धर्माचा रकाना आपण काय निवडले ते सांगतो. दोन्ही ठिकाणी खरे लिहिण्याची मुभा कायद्याने आता दिली आहे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ लोकांनी स्वतःची नोंद बौद्ध म्हणून केली. केंद्राच्या सवलती हातून जात असताना केलेली ही नोंद आहे. त्या लोकांत बहुसंख्य निरक्षर आणि भूमिहीन होते. जनगणनेचा कर्मचारी पुन्हा आपल्या दारात येईल, तेव्हा शिकलेल्या आणि स्थिरावलेल्या आपल्या पिढीने त्या आजोबा-आजींपेक्षा कमी धैर्य दाखवू नये.

हीच बाब प्रतिज्ञांची. बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातील चौथे शीलही तेच आहे. विहारात हात जोडून ते म्हणावयाचे आणि घरी मुलाच्या लग्नासाठी गुपचूप मुहूर्त काढावयाचा, हा कागदावरील ठरावच झाला. १९२४ च्या नगरपालिकेवर टीका करण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर आपल्या ठरावांचा आणि आचरणाचा ताळा आपणच घातला पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे असत्यही थांबलेले नाही, फक्त त्याने रूप बदलले आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय केले. तेव्हापासून ‘तुला प्रवेश नाही’ असे उघड म्हणणे अवघड झाले. आता शहरात शिकायला गेलेला आपला विद्यार्थी खोली पाहायला जातो, घरमालक आडनाव विचारतो आणि सांगतो, ‘खोली कालच गेली हो.’ खोली महिनाभर रिकामी राहते. हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःला खोटारडा समजत नाही. उलट कटू बोलणे टाळले म्हणून सभ्य समजतो. अशा वेळी मुलाने काय करावे? आडनाव सांगायचे की टाळायचे, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझे मत असे की, विचारल्याशिवाय आपली जात सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. मौन म्हणजे असत्य नव्हे. परंतु दुसऱ्याचे नाव धारण करून मिळवलेली खोली रोज सांभाळावी लागते. मित्र घरी आणता येत नाही, भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र लावता येत नाही, आईने फोनवर ‘जय भीम’ म्हटले तर आवाज कमी करावा लागतो. भाड्याखेरीज द्यावी लागणारी ही किंमत मुलाने आधी हिशेबात धरावी.

अखेरीस निवासी शाळेविषयी. येथे मूल चोवीस तास असते, म्हणून त्याच्या सवयीही येथेच घडतात. मूल खोटे बोलायला बहुधा मोठ्यांकडूनच शिकते. खरे सांगणाऱ्याला छडी आणि न सापडणाऱ्याला शाबासकी, हा हिशेब मुलाच्या लवकर ध्यानात येतो. गृहपाठ झाला नाही असे सांगणाऱ्याला वर्गाबाहेर उभे केले आणि मित्राची वही उतरवून आणणाऱ्याला ‘छान’ असा शेरा दिला, की आपण काय शिकवले ते स्पष्ट आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी नोंदवह्या भरल्या जातात आणि पाहुणे येणार म्हणून एका दिवसापुरते ताट सुधारते, हे जेथे घडते तेथे मुले ते पाहत असतात. त्यांना त्यासाठी वेगळा पाठ लागत नाही.

म्हणून शाळेने दोन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, खरे बोलणे स्वस्त करावे. आपणहून चूक सांगणाऱ्या मुलाला शिक्षा नसावी, झालेले नुकसान भरून काढण्याचे काम असावे. राहुलाला सांगितलेला मार्ग हाच आहे. दुसरी, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उद्धट समजू नये. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेतून धर्मपंडितांना प्रश्नच विचारले होते. पुढील पिढीला तळ्यापर्यंत जाण्याचे बळ त्या प्रश्नांतूनही मिळाले. ‘हे कोणी पाहिले?’, ‘कशावरून?’, ‘केव्हापासून?’ हे तीन प्रश्न ज्या शाळेत न घाबरता विचारता येतात, तेथे असत्याची वहिवाट पडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही चवदार तळ्यावर जाल तेव्हा तेथील पाणी अवश्य पाहा. पण त्या पाण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात कागद मांडत राहिलेल्या माणसाचेही स्मरण करा. त्याने हक्क मिळवला, आणि तो मिळवताना एकही खोटा कागद पुढे केला नाही. हा वारसा तळ्याच्या काठावर राहात नाही. तो तुमच्या उत्तरपत्रिकेत, अर्जातील रकान्यात आणि रोजच्या बोलण्यात चालवावा लागेल.